कोरी चकती

१

डबीत कापूस होता, कापसात शिट्टीच्या आकाराचा खळगा होता, आणि खळग्यात शिट्टी नव्हती.

तिच्या जागी एक लाकडी चकती पडली होती. बिस्किटाएवढी, दोन्ही बाजूंनी कोरी. शिबिर चालवणाऱ्या बाईंनी ती उचलून पाहिली, परत ठेवली, चष्मा पुसला आणि पुन्हा उचलून पाहिली. सकाळचे सात वाजले होते. शिबिराचा शेवटचा दिवस होता, आणि संध्याकाळी पाचला चाळीस मुलांचे आईबाप हजर होणार होते.

"मावशी," बाईंनी हलकेच हाक मारली, "जरा व्हरांड्यात ये. गाजावाजा करू नकोस."

मावशी म्हणजे शिबिराची स्वयंपाकीण. तेवीस वर्षांपूर्वी या शिबिराचा पहिला चहा तिनेच केला होता. तेव्हा ती कडेवर लहान मुलगी घेऊन आली होती आणि पदरात दुसरं काही नव्हतं. ती मुलगी याच झाडांखाली अक्षरं गिरवून मोठी झाली, आता एका इस्पितळात परिचारिका होती. बाईंचे उपकार मावशी बोलून दाखवत नसे, पण त्यांच्या एका हाकेवर चुलीवरचं दूध उतू जायला सोडून येणारी ती एकटीच होती. आताही ती फडक्याला हात पुसत आली, डबीत डोकावली आणि कापूस चाचपून पाहू लागली.

शिट्टीची गोष्ट मुलांना पाठ होती. बाईंचे यजमान, ज्यांना सगळे दादा म्हणत, त्यांनी ती ओढ्याकाठच्या मोठ्या झाडाच्या फांदीतून कोरली होती. ती फुंकली की पलीकडून एक पक्षी हमखास उत्तर द्यायचा. पुस्तकात त्या पक्ष्याचं नाव वाचताना धाप लागेल एवढं लांब होतं, म्हणून मुलं त्याला उत्तऱ्या म्हणत. दादा जाऊन नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून शेवटच्या संध्याकाळी बाई शिट्टी फुंकायच्या, उत्तऱ्या उत्तर द्यायचा, आणि मगच मुलं घरी जायची. त्याशिवाय शिबिर संपलं असं कुणी धरतच नसे.

आणि शिबिरात कुलूप नावाची चीज नव्हती. होता तो दादांनी घालून दिलेला एक नियम. जे उचललं त्याच्या जागी आपली चकती ठेवायची, आणि वस्तू परत जागेवर आणायची, शिबिरातली सूर्य मावळायच्या आत, रानातली शेवटच्या दिवशी. मग ते पीस असो, दगड असो, नाहीतर कोठीतली कुदळ. सुतारकाका वाळक्या फांदीच्या चकत्या कापून द्यायचे. पहिल्या दिवशी मुलं त्यांवर आपापलं चित्र काढायची, बेडूक म्हणा, खार म्हणा, गोगलगाय म्हणा, आणि चकती दोरीत ओवून दहा दिवस त्याच नावाने मिरवायची.

"ही कोरी आहे," मागून आवाज आला. "मुलांच्या चकत्यांवर चित्रं असतात."

हे चिटणीस. बाईंचे सख्खे पुतणे, दोन वर्षांपासून शिबिराचा कारभार बघत होते. माणूस नाकासमोर चालणारा, पण त्या नाकावर सदा माशी बसलेली.

"कोऱ्या चकत्या एकाच माणसाकडे असतात, काकू. आज पावणेसहाला मी सुतारांना याच व्हरांड्यातून उतरताना पाहिलं. हातात फडक्यात गुंडाळलेली बोटभर वस्तू होती. मला बघून त्यांनी ती खिशात घातली. मला तेव्हाच शंका आली, म्हणून मी आत्ताच त्यांना विचारून आलो. खिसा दाखवायला तयार नाहीत."

"सुतार नाहीत," बाई म्हणाल्या.

"कशावरून?"

"नाहीत म्हणजे नाहीत."

"मग माझ्यासमोर खिसा उलटा करू दे त्यांना."

"त्यांच्या खिशाला कुणी हात लावायचा नाही!" बाईंचा आवाज एवढा चढला की मावशी दचकली. हा आवाज तिने तेवीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकला होता.

चिटणिसांनी खांदे उडवले. "तुझी मर्जी. पण पाचपर्यंत शिट्टी आली नाही तर मला समितीला कळवावं लागेल. आणि तोवर मुलांच्या कानावर यातलं अवाक्षर जाता कामा नये. शेवटचा दिवस आहे त्यांचा."

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशीनेही डोलावली, आणि दुपारी तिला आपल्या त्या मानेचा फार राग आला.

चिटणीस गेल्यावर बाईंनी चकती मावशीच्या हातात दिली. "तू शोध. ताटात कुणी काय टाकलं ते तुला न बघता कळतं. पण वेळ नाही गं आपल्याकडे. ते बघ, सुतारांनी सामान बांधायला घेतलंय."

२

मावशी सुताराच्या खोपटाकडे निघाली आणि वाटेत मनातल्या मनात सकाळ उलगडत गेली.

साडेपाचला तिने भट्टी पेटवली. सहाला मुलं दुधाला आली. पहिली आली मुंगी, जाड भिंगांची, हडकुळी, शिबिरातलं हे तिचं दुसरं वर्ष. चाळीस पेले एकाच मापाचे, पण ही काठावरून बोट फिरवायची आणि पोचा आलेला आपला पेला बरोबर काढून घ्यायची. "मावशी, आज वारा कुठून आहे गं?" तिने विचारलं. "मला काय ठाऊक, मी काय हवामान खात्यात आहे?" असं म्हणून मावशीने तिला दूध दिलं होतं. साडेसहाला पोहायला शिकवणारे दोन तरुण शिक्षक सगळ्यांना परतीच्या फेरीला घेऊन गेले. शेवटच्या दिवशी दहा दिवसांतले दगड, पिसं, शिंपले जिथून आणले तिथे नेऊन ठेवायचे आणि चकत्या सोडवून आणायच्या, तीही फेरी एक शब्द न बोलता. मुलं चारच्या आत परतणार नव्हती. म्हणजे उरले तिघे, असा हिशेब मावशीने मांडला. सुतारकाका, चिटणीस आणि मुलांना पाखरं ओळखायला शिकवणारी पक्षीताई.

सुतारकाकांच्या खोपटात रंधा, करवत आणि पटाशा ओळीने पुसून ठेवल्या होत्या. एक जुनी पिशवी भरून दारात उभी होती. अकरा वर्षांपूर्वी एका कारखान्याने चोरीचा आळ घालून या माणसाला हाकललं होतं. खरा चोर वर्षभराने सापडला, पण कळवायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. तेव्हा दादांनी त्यांना एकच प्रश्न विचारला होता, "रंधा चालवता येतो का?" तेव्हापासून हे खोपट त्यांचं घर होतं.

"पाचच्या गाडीने जातो," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा मला कुणी हाकलायला नको. मीच गेलेलं बरं."

"खिशात काय आहे, सुतारकाका?"

"माझी वस्तू."

"मला तरी दाखवा."

"तुम्ही मागू नका, मावशी. तुम्हाला नाही म्हणवत नाही आणि दाखवताही येत नाही." त्यांनी खिशावर हात ठेवला. "एवढं सांगतो. चकत्या जेवढी मुलं तेवढ्याच कापल्या होत्या. एक जास्तीची होती ती तडकली, ती तुमच्याच चुलीत गेली. माझ्याकडे कोरी चकती आणू कुठून?"

उन्हातून चालून मावशीचा घसा सुकला होता. तिने बरोबर आणलेल्या लिंबूपाण्यातलं अर्धं ओतून त्यांच्यापुढे केलं. त्यांनी हात आडवा धरला.

"आज नको. शेवटच्या दिवशी मला आंबट चालत नाही."

"हे तुमचं दरवर्षीचं नाटक. एरवी लिंबं सालीसकट खाता!"

सुतारकाका हसले नाहीत. त्यांनी पिशवीचा बंद ओढला आणि गाठ मारली. 

३

चिटणीस कचेरीच्या खोलीत होते. मावशी न ठोठावता आत शिरली आणि त्यांनी घाईघाईने टेबलावरच्या वस्तूवर वर्तमानपत्र टाकलं.

मावशीने सरळ जाऊन वर्तमानपत्र उचललं. खाली एक काचेची पेटी होती. आत मखमल, आणि मखमलीत शिट्टीच्या आकाराचा खळगा.

"हे काय हो?"

चिटणीस कानापर्यंत लाल झाले. "मला चोर समजताय? पेटी रिकामी आहे, बघा नीट. अशी वस्तू कापसाच्या डबीत राहते हेच मला पटत नाही. गेल्या महिन्यात मी तिचं माप घेतलं आणि ही करवून घेतली. काकूला आज संध्याकाळी देणार होतो. मुलांसमोर." ते खुर्चीत बसले. "दादाकाकांनी मला पोहायला शिकवलं, मावशी. मला पण ती शिट्टी तुमच्याएवढीच हवी आहे."

माशी नाकावरून उडाल्यावर माणूस वेगळाच दिसत होता. ज्याने शिट्टी लपवली तो तिच्यासाठी पेटी करून समारंभात देणार नाही, हे मावशीला पटलं. तिने पेटीवर पुन्हा वर्तमानपत्र नीट झाकलं.

"बाईंना आवडेल ही," ती म्हणाली. "पण शिट्टी सापडायला हवी ना. पक्षीताई कुठे आहे?"

"प्रदर्शन मांडतेय. आणि तिचंही एक सांगतो. तिसऱ्या दिवशी तिने काकूकडे शिट्टी मागितली होती. काकू म्हणाली, शेवटच्या संध्याकाळनंतर घे. पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं."

४

पक्षीताई पहिल्यांदाच शिबिरात आली होती. पाखरांवरचा अभ्यास नुकताच पुरा केलेली, बोलायला लागली की समोरच्याला दम न देणारी. पण आज मावशी दिसताच तिने मांडीवरची वही मिटून पाठीमागे सरकवली.

"काढ ती वही," मावशी म्हणाली. "मी काही तुझी परीक्षा घेत नाहीये."

"मी नाही घेतली हो शिट्टी!"

"मग हवी कशाला होती?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वही पुढे केली. दहा दिवसांचे दहा तक्ते, कोणता पक्षी कधी दिसला, कधी ऐकू आला. मावशीला त्यातलं फारसं समजेना.

"यात काय नाही ते बघा," पक्षीताई म्हणाली. "उत्तऱ्या नाहीये. एकदाही नाही. मला वाटलं माझंच चुकतंय, म्हणून शिट्टी फुंकून बघणार होते. ती मिळाली नाही तेव्हा मी कपाटातल्या जुन्या वह्या चाळल्या. चार वर्षांपूर्वीच्या वादळात ओढ्याकाठचं मोठं झाड पडलं ना? त्यानंतर एकाही वहीत उत्तऱ्या नाही. तो इथून गेलाय, मावशी. हे मी बाईंना कोणत्या तोंडाने सांगू?"

"अगं, पण दरवर्षी तो उत्तर देतो! गेल्या वर्षी मी माझ्या कानांनी ऐकलं."

"फक्त शेवटच्या संध्याकाळी. शिट्टी फुंकल्यावर." पक्षीताईने आवाज खाली आणला. "बाकी वर्षभर नाही. असा पक्षी जगात नसतो."

मावशी उठली. तिला एकाएकी चार वर्षांपासूनची लिंबं आठवली.

५

अडचण आली की मावशी पीठ मळायला घ्यायची. दोन हातभर पीठ तुडवलं की डोकं चालतं असा तिचा अनुभव होता, आणि संध्याकाळी शंभराहून जास्त माणसांना पाव लागणारच होता.

तिने परातीत पाणी ओतलं आणि एकेक गोष्ट पिठाबरोबर मळत गेली. चार वर्षांपूर्वी झाड पडलं, पक्षी गेला. चार वर्षांपासूनच सुतारकाका शेवटच्या दिवशी आंबट खात नाहीत, घशाला जपल्यासारखे. चार वर्षांपासूनच समारंभाच्या वेळी ते कधी मुलांत बसलेले दिसत नाहीत. दरवेळी लाकडाच्या ढिगामागे काहीतरी काम निघतं, आणि तेही ऐन उन्हाळ्यात, जेव्हा सरपणाची कुणाला घाई नसते. आणि खिशात बोटभर वस्तू.

मावशीचे हात पिठात थांबले. "अरे देवा," ती स्वतःशी म्हणाली. "हा माणूस पक्षी झालाय."

मग शिट्टी कुणी नेली? ज्याच्याकडे स्वतःची दुसरी शिट्टी आहे त्याने पहिली का चोरावी? उलट ती नाही सापडली तर त्याच्या उत्तराला प्रश्नच उरत नाही. खिसा उघडला असता तर तो सुटला असता, पण उत्तऱ्या नाही हे बाईंना कळलं असतं. म्हणून तो गप्प बसून घर सोडून निघाला होता. मावशीचे डोळे भरून आले, आणि हात पिठाचे असल्यामुळे ते पुसताही येईनात.

उरली चकती. तिने ती तशाच पिठाळ बोटांनी कमरेच्या ओच्यातून काढली. उलटी केली, सुलटी केली. दोन्हीकडून कोरी. जास्तीची एकच होती आणि ती तडकलेली, तिने स्वतः चुलीत घातली होती. म्हणजे ही त्या चाळिसांतली. म्हणजे ही कुणातरी मुलाची! आणि ती चोरून टाकलेली नव्हती, नियमाप्रमाणे ठेवलेली होती.

पण चित्र नसलेली चकती कुठल्या मुलाची?

तिने ती ओट्यावर ठेवली आणि दचकली. चकतीच्या काठावर पिठाचे पांढरे ठिपके उमटले होते. बारीक खाचांमध्ये पीठ जाऊन बसलं होतं. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन.

सहा.

मावशीने चकतीच्या काठावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आणि तिला सकाळचा दुधाचा पेला आठवला.

६

साडेतीनला तिने चिटणीस, पक्षीताई आणि सुतारकाका यांना स्वयंपाकघरात बोलावलं. सुतारकाका पिशवी घेऊनच आले. बाईंना मुद्दाम बोलावलं नव्हतं.

"खिशात दुसरी शिट्टी आहे ना?" मावशीने विचारलं. "पडलेल्या झाडाच्याच लाकडाची?"

सुतारकाकांनी एकदा दाराकडे पाहिलं, मग फडकं उलगडलं. आत शिट्टी होती, दादांच्या शिट्टीची सख्खी बहीण शोभेल अशी.

"बाईंना सांगू नका," ते म्हणाले. "झाड पडलं त्या वर्षी त्या रोज संध्याकाळी ओढ्याकडे कान लावून बसायच्या. आधी दादा गेले. मग हाही गेला असं कळलं असतं तर त्या कोलमडल्या असत्या. मला दुसरं काय येतं? लाकूड येतं. आज पहाटे सराव करून बाईंच्या व्हरांड्यातून खोपटाकडे परत येत होतो तेवढ्यात हे भेटले."



"शेवटचा सूर," कोठीच्या दारातून आवाज आला, "उत्तऱ्या वर नेतो, सुतार. तुम्ही दरवर्षी खाली आणता."

बाई दारात उभ्या होत्या. हातात साखरेचा डबा होता, त्या तो घ्यायला आल्या होत्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मावशी ओरडलीच.

"पहिल्याच वर्षापासून. अगं, पडलेल्या झाडाकडे बघत मी शिट्टी फुंकली ना, तेव्हा उत्तर येणार नाही हे मला माहीत होतं. मुलांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. आणि लाकडाच्या ढिगामागून उत्तर आलं." त्यांनी डबा खाली ठेवला. "त्या दिवशी मी खोलीत जाऊन पोटभर रडले. दुःखाने नाही. आपल्यासाठी कुणी एवढं करतं हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं."

"मग सांगितलं का नाही?" सुतारकाका पुटपुटले.

"तुम्ही एवढ्या निगुतीने लपवत होतात, मी कशी उघडं पाडू? आज सकाळीही जीभ चावून गप्प बसले. म्हटलं, मावशी शोधेल. नसती शोधली, तर पाचला मीच बोलले असते. तुम्हाला जाऊ दिलं असतं असं वाटलं का?"

सुतारकाकांनी मान खाली घातली. चिटणिसांनी खाकरून घसा साफ केला. "काका, माझं चुकलं," ते म्हणाले, आणि दारातली पिशवी स्वतः उचलून खांद्याला लावली. "ही मी परत ठेवून येतो. पण मावशी, दादाकाकांची शिट्टी मग कुठे आहे?"

"येतेय," मावशी म्हणाली. "स्वतःच्या पायांनी."

फाटकाजवळ मुलांचा गलका ऐकू आला.

७

परतीची फेरी संपली होती आणि दिवसभर कोंडलेलं बोलणं चाळीस तोंडांतून एकदम बाहेर पडत होतं. सगळ्यांच्या गळ्यात आपापली चकती परत आली होती. एकीचीच दोरी रिकामी होती.

मावशी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "मुंगे, तुझी चकती कुठे गं?"

"शिट्टीच्या डबीत," मुंगी म्हणाली. "मी शिट्टी उसनी नेलीये ना. दिवस मावळायच्या आत ठेवणारच आहे." तिने टोपीखालून शिट्टी काढली आणि पुसून पुढे केली.

"चकतीवर चित्र का नाही काढलंस?"

"काढलंय की. मला बारीक रेघ दिसत नाही, म्हणून काठाला काढलंय. मुंगीला सहा पाय असतात." आणि मग, थोडं रागावून, "शोधत होतात? मग मला विचारायचं ना!"

दहा दिवस मोठ्या माणसांनी या मुलांना घसा फोडून शिकवलं होतं की नीट बघा, नीट ऐका, न कळलं तर विचारा. आणि शिट्टी हरवल्यावर या चाळिसांना सोडून सगळ्यांना विचारून झालं होतं. मावशीला सकाळची ती डोलावलेली मान आठवली.

"पण कशाला नेलीस गं?" बाईंनी विचारलं.

"उत्तऱ्यासाठी. गेल्या वर्षी तो लाकडाच्या ढिगामागून बोलला. एकदम खालून, जमिनीवरून. आणि बोलायच्या आधी त्याने मोठा श्वास घेतला." तिने श्वास घेऊन दाखवला. "मला वाटलं, तो आजारी आहे. त्याला उडता येत नाहीये आणि दम लागतोय. तेव्हापासून मी त्याला शोधतेय."

सुतारकाकांनी तोंडावर हात धरला. ते हसत होते की काय ते कळेना.

"पण तो बरा झालाय!" मुंगीचा चेहरा फुलला. "ओढ्याच्या तिसऱ्या वळणावर राहतो, खडकांपाशी. आज सगळे गप्प होते आणि वारा तिकडून होता. त्याचा लांबून आवाज आला, मग मी शिट्टी फुंकली, तर दोनदा उत्तर दिलं त्याने!"

"फुंकलीस? फेरी मुक्याने करायची असते," चिटणीस सवयीने म्हणाले.

"बोलायचं नाही असा नियम आहे. फुंकायचं नाही असा नाही."

मुलांबरोबर गेलेला एक शिक्षक मागून म्हणाला, "आम्हाला वाटलं, दोन पक्षी बोलतायत."

"तिसरं वळण!" पक्षीताईने कपाळावर हात मारून घेतला. "तिकडे आपण फक्त पोहायला जायचो. भर दुपारी, आरडाओरडा करत!"

बाईंनी मुंगीचा हात धरला आणि हळूच विचारलं, "शेवटचा सूर कसा होता गं?"

मुंगीने बोट वर केलं, आणखी वर केलं, आणि टाचा उंचावून उभी राहिली.

पाचला आईबाप आले तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या आणि सगळं शिबिर ओढ्याच्या काठाने चालत होतं. आईबापही चपला हातात घेऊन मागे निघाले. बाईंचे गुडघे आता चढउताराला साथ देत नसत, म्हणून त्यांनी एक हात सुतारकाकांच्या खांद्यावर ठेवला होता. खडकांपाशी सगळे बसले. चार वर्षांत पहिल्यांदाच सुतारकाका मुलांच्या रांगेत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर, सगळ्यांना दिसतील असे.

बाईंनी शिट्टी मुंगीच्या हातात दिली. तिने फुंकली.

काहीच झालं नाही. पाणी वाहत होतं. कुणाचं तरी तान्हं बाळ कुरकुरलं आणि गप्प झालं. चिटणीस चुळबुळले. मावशीची नजर सुतारकाकांवर होती. त्यांचा हात खिशाकडे निघाला, अर्ध्यात थांबला आणि परत गुडघ्यावर गेला. ते न करायला त्यांना किती जड जात होतं ते त्यांच्या बोटांवरून दिसत होतं.

मग वरून, खडकांच्याही वरच्या झाडीतून, उत्तर आलं. स्वच्छ, लांब, आणि शेवटचा सूर वर गेला तो वरच राहिला.

चाळीस मुलं श्वास रोखून होती. बाईंचे गाल ओले झाले होते आणि त्या ते पुसत नव्हत्या. त्या सुतारकाकांकडे वळल्या. "चार वर्षं तुम्ही होतात म्हणून मी इथवर आले," त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "नाहीतर झाड पडलं त्याच वर्षी मी हे शिबिर बंद केलं असतं. मग या पोरीला तो सापडला असता कुठून?" आणि मग मुंगीला म्हणाल्या, "तुझेही फार उपकार झाले गं बाई." मुंगीने नुसती मान हलवली. तिचे कान अजून वरच होते.

परत आल्यावर शिट्टी जागेवर गेली आणि मुंगीची चकती तिच्या गळ्यात आली. काचेची पेटी बाईंनी घेतली आणि पुतण्याच्या पाठीवर हात फिरवला. पण झाकण कायमचं उघडं राहील आणि कुलूप लागणार नाही, एवढी अट घातली. मखमलीत दुसरा खळगा पाडायचं काम सुतारकाकांना मिळालं, दुसऱ्या शिट्टीसाठी. म्हणजे आज तरी त्यांना कुठे जाता येणार नव्हतं.

जेवणाच्या पंगतीत मावशी वाढत वाढत त्यांच्यापाशी आली. तिने ताटात लिंबाची एक जाडजूड फोड ठेवली आणि क्षणभर थांबली.

सुतारकाकांनी फोड उचलली, जेवणावर पिळली, उरलेली तोंडात टाकली आणि डोळे मिटून घेतले.

"अजून एक वाढा," ते म्हणाले.